चंदेरीचे उसने भूत

आदली संध्याकाळ : लष्कर, ग्वाल्हेर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा जुना वाडा आहे, त्याच्या मागच्या अंगणात पिंपळ आहे आणि त्या पिंपळावर मुंजा आहे. घरात नवी सून आली की विहीर, कोठीची खोली आणि शेजाऱ्यांचे स्वभाव जसे तिला सांगितले जातात, तसाच हा मुंजाही सांगितला जातो. ज्याची मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो गेला, तो मुलगा मुंजा होतो, अशी आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याची व्याख्या आहे. शिंद्यांच्या फौजेमागोमाग जी मराठी घराणी नर्मदा ओलांडून इकडे आली, त्यांनी देवघरातल्या टाकांबरोबर आपली भुतेही आणली असली पाहिजेत, कारण आमच्या गल्लीतल्या हिंदी शेजाऱ्यांच्या बोलण्यात चुडैल आणि जिन्न असतात, मुंजा मात्र फक्त आमच्याकडे असतो.

त्याच अंगणाच्या भिंतीवर, पिंपळाच्या बुंध्यामागे, गेरूने लिहिलेली एक ओळ अजून पुसट वाचता येते : ‘ओ स्त्री कल आना’. ‘स्त्री’ हा चंदेरी गावात घडणारा हिंदी चित्रपट २०१८ साली ३१ ऑगस्टला आला आणि त्या वर्षी गणपती १३ सप्टेंबरला बसले. मांडवाच्या सजावटीतून उरलेला गेरू गल्लीतल्या पोरांनी कुठे संपवला, हे आम्हाला विसर्जनानंतर कळले. त्यानंतर भिंतीला चुना लागलेला नाही. पुण्याहून सुट्टीला आलेली माझी भाची (आत्याची नात) ती ओळ पाहून तिथेच थबकली आणि तिने मोबाइलवर फोटो काढायच्या आधीच विचारले, “मामा, चंदेरी इथून किती लांब आहे हो?” चंदेरी ग्वाल्हेरहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. आत्यानेही यायचे ठरवले, पण तिचे कारण वेगळे होते : तिच्या लग्नातल्या चंदेरीचे पोत विरले होते, काठ शाबूत होता, आणि तसाच काठ असलेली नवी साडी तिला हवी होती.

पहिला दिवस : शिवपुरीमार्गे चंदेरी

पौषातल्या धुक्यात सकाळी सातला निघालो. मोहना मागे पडेपर्यंत पुढच्या ट्रकचे लाल दिवे एवढेच काय ते दिसत होते, त्यामुळे भाचीला आजीला संपूर्ण चित्रपट सांगायला भरपूर वेळ मिळाला. चंदेरीत दरवर्षी उत्सवाचे चार दिवस असतात, त्या चार रात्री एक स्त्री गावात फिरते, एकट्यादुकट्या पुरुषाला मागून नावाने हाक मारते, तो वळला की त्याला नेते आणि त्याचे कपडे तेवढे रस्त्यावर राहतात. घराच्या भिंतीवर ‘कल आना’ असे लिहिलेले असले, तर ती ते वाचते आणि मुकाट्याने परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते.

“मागून हाक आली तर वळायचे नाही, हे तर आम्हालाही शिकवले होते,” आत्या म्हणाली. “पण भुताला लिहिता-वाचता येते, हे नवीन.”

आत्याने नेमके बोट ठेवले होते. या चित्रपटाने जे मागे ठेवले, त्याचे मूळ मला या एका कल्पनेत दिसते. हिंदी भयपटांतल्या चेटकिणीला त्यापूर्वी मंत्र, त्रिशूळ नाही तर मांत्रिक लागत असे. अमर कौशिक यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि राज व डीके यांनी लिहिलेल्या या गोष्टीतली स्त्री साक्षर आहे आणि सांगितलेले ऐकते. तिची ही आज्ञाधारकताच विनोदाचा गाभा होते, कारण तिला नकार दिला की ती थांबते, आणि गावातल्या जिवंत पुरुषांबद्दल असे खात्रीने म्हणता येत नाही, हे प्रेक्षकाला कुणी भाषण न देताच उमगते. रात्री एकटे बाहेर पडू नका, कुणी हाक मारली तर थांबू नका, बरोबर कुणाला तरी न्या, या मुलींना जन्मभर ऐकाव्या लागणाऱ्या सूचना इथे पुरुषांना ऐकाव्या लागतात आणि बायको माहेरी निघाली की नवरे घाबरेघुबरे होतात. भाचीच्या मते तिच्या वर्गातल्या मुलांना ही गंमत कळली नव्हती, त्यांना फक्त पंकज त्रिपाठी आवडले होते. मला त्यात फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण राजकुमार राव यांचा शिंपी विकी आणि त्याचे दोन मित्र पडद्यावर असताना दुसरे काही कळायला थोडा उशीरच लागतो.

गोष्ट मात्र मूळची चंदेरीची नाही. कर्नाटकात, विशेषतः बंगळुरूच्या परिसरात, १९९० च्या दशकात ‘नाळे बा’ म्हणजे ‘उद्या ये’ असे घरांच्या दारांवर लिहिले जात असे, कारण रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारत दारोदार फिरते, अशी अफवा होती. ती अफवा उचलून हजाराहून अधिक किलोमीटर उत्तरेला आणली गेली आणि बुंदेली वळणाच्या हिंदीत चंदेरीच्या गल्ल्यांत सोडली गेली. आम्ही जे पाहायला निघालो होतो, ते या गावाने दुसऱ्याकडून आणलेले, उसने भूत होते.

दुपारी शिवपुरीला थांबलो. ग्वाल्हेर संस्थानची ही उन्हाळी राजधानी, आणि इथल्या संगमरवरी छत्र्यांमध्ये माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांचे पुतळे आहेत, ज्यांची जिवंत माणसांसारखी सेवा चालते : वस्त्रे बदलली जातात, नैवेद्य दाखवला जातो. आत्या सख्याराजेंसमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली आणि पुतळ्याला नेसवलेल्या साडीचा पदर कोणत्या पद्धतीचा आहे, हे तिने मला बाहेर आल्यावर समजावून सांगितले. गेलेल्या माणसाला घरातले एक माणूस समजून वागवायची ही रीत तिला मुळीच विचित्र वाटली नाही, भाचीला मात्र वाटली, आणि पुढचा तासभर गाडीत त्यावरच बोलणे झाले.

शिवपुरीनंतर महामार्ग सुटला, रस्ता अरुंद झाला आणि मोहरीची शेते सुरू झाली. चंदेरीत पोहोचलो तेव्हा अंधारले होते. फोनवर किल्ला दिसणारी खोली कबूल झाली होती. मिळालेल्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची पाण्याची टाकी दिसत होती.

दुसरा दिवस : चंदेरी

सकाळी ठरवलेल्या रिक्षावाल्याने आम्हाला पहिला प्रश्न विचारला तो असा : आधी ऐतिहासिक पाहणार की ‘स्त्री’वाले? ऐतिहासिक आणि ‘स्त्री’वाले असे गावाचे दोन भाग त्याच्या बोलण्यात अगदी रुळलेले होते. आम्ही दोन्ही म्हटल्यावर त्याने भाड्यात पन्नास रुपये वाढवले.

चंदेरीला खोटी प्रसिद्धी मिळाली, असे कुणी म्हणेल तर त्याने हे गाव पाहिलेले नाही, एवढेच मी म्हणेन. माळव्याच्या सुलतानांच्या काळातला बादल महाल दरवाजा गावात एकटाच उभा आहे : दोन उंच, वर निमुळते होत गेलेले बुरूज, त्यांना जोडणाऱ्या एकावर एक कमानी, आणि मागे महाल नाही. ज्या दरवाजातून कुठेच जाता येत नाही असा दरवाजा सकाळच्या धुक्यात पाहिला, तेव्हा भुताचा चित्रपट इथे का आला असावा, हे सांगायला कुणाची गरज उरली नाही. गावाबाहेर कोशक महाल आहे, जो महमूद खिलजीने १४४५ मध्ये बांधायला घेतला. तो सात मजली व्हायचा होता असे सांगतात, तो तितका कधी झाला नाही. अर्धवट राहिलेल्या आणि मागे काहीच नसलेल्या वास्तूंची ही सवय गावाला जुनीच आहे.

खरी भीती किल्ल्यावर आहे. जानेवारी १५२८ मध्ये बाबराने चंदेरीला वेढा घातला, मेदिनी रायच्या सैन्याचा पाडाव झाला आणि किल्ल्यातल्या स्त्रियांनी जोहार केला. त्या जागी आज स्मारक आहे. आम्हीही जानेवारीतच तिथे उभे होतो, आणि खाली गाव धुक्यातून हळूहळू वर येत होते. भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “इतक्या बायका इथे खरंच गेल्या, त्यांची हाक कुणाला ऐकू येत नाही, आणि जी कधी नव्हतीच तिच्यासाठी भिंती रंगवल्या.” मला तिचे म्हणणे पूर्ण पटले नाही, पण त्याला उत्तरही सापडले नाही. आता विचार करताना असे वाटते की जोहाराची गोष्ट विनोदात सांगता येत नाही, म्हणून ती स्मारकाच्या दगडातच राहते. चित्रपटातली स्त्री मात्र विनोदाच्या वाटेने घराघरांत पोहोचली, आणि तिच्या पाठोपाठ तिच्यावरचा अन्यायही पोहोचला, कारण तीही गावाने मारलेली बाई आहे. शरीरविक्रय करणाऱ्या बाईने लग्न करण्याचे धाडस केले म्हणून तिला आणि तिच्या नवऱ्याला लग्नाच्या रात्रीच संपवले गेले. शेवटी गावकरी तिचा पुतळा उभारतात आणि ‘कल आना’ऐवजी ‘रक्षा करना’ लिहितात. हाकलण्यासाठी लिहिलेली ओळ विनवणीची होते, हा बदल मला ‘स्त्री’पासून सुरू झालेल्या चित्रपटमालिकेतला सर्वांत चांगला प्रसंग वाटतो. त्यानंतरच्या भागांत इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती पुन्हा जमलेली मला दिसली नाही.

किल्ल्यावरच बैजू बावराची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे. ग्वाल्हेरच्या माणसाला तानसेनाची कबर घरची असते, तेव्हा त्याच्या कथेतल्या प्रतिस्पर्ध्याच्या समाधीपुढे आम्हाला उगाचच पाहुण्यासारखे वाटले. आत्याने तिथे दोन ओळी गुणगुणल्या आणि उतरताना गुडघे दुखतात म्हणून रिक्षावाल्याला अर्ध्या वाटेवर बोलावून घेतले.

कटी घाटीत उतरलो तेव्हा ऊन पडले होते. टेकडीचा सलग खडक कापून त्यातच दरवाजा कोरून काढलेला आहे, तो १४९० चा सांगतात. सुलतान यायचा होता म्हणून एका रात्रीत तो खोदला गेला, पण दाराची फळी अडकवायला जागाच ठेवलेली नव्हती, म्हणून कारागिराला मोबदला नाकारला गेला आणि त्याने जीव दिला, अशी त्याची दंतकथा आहे. ही कथा चंदेरीची स्वतःची आहे, आणि तिच्यात भूत होण्याला लागणारे सगळे साहित्य आहे : रात्र, अन्याय, अपुरे राहिलेले काम. तरी या कारागिराचे भूत झाल्याचे मी कुणाकडून ऐकले नाही. रिक्षावाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “उसका तो किसी ने पिक्चर ही नहीं बनाया, साहब.”

‘स्त्री’वाला भाग दुपारनंतर सुरू झाला आणि लवकरच गोंधळाचा झाला. विकीचे दुकान नेमके कुठे उभारले होते याची एका गल्लीत दोन माणसांनी दोन उत्तरे दिली आणि दोघांनीही तिथे स्वतः उभे राहून चित्रीकरण पाहिल्याचे शपथेवर सांगितले. एका घराच्या दारावर ती ओळ पांढऱ्या रंगाने लिहिलेली होती. ती चित्रीकरणाची आहे का, असे विचारल्यावर घरातल्या बाई हसून म्हणाल्या की नाही, ती त्यांच्या मुलाने नंतर लिहिली, पण फोटो काढायला लोक थांबतात म्हणून मिटवली नाही. दुसऱ्या गल्लीत एका चहावाल्याने, आम्ही ग्वाल्हेरचे आणि बोलतो मराठी हे कळल्यावर, आपणहून सांगितले की ‘मुंज्या’ हा चित्रपटही त्याने दोनदा पाहिला आणि तो ‘आप लोगों का’ आहे. आत्याला हे फार आवडले. लष्करातल्या आमच्या पिंपळावरचा मुंजा चंदेरीच्या चहावाल्याला ठाऊक आहे, ही गोष्ट तिने रात्री फोनवर घरी दोनदा सांगितली.

जेवताना भाचीने सगळी वंशावळ माझ्याकडून घोटून घेतली, किंवा खरे सांगायचे तर मी तिच्याकडून. ‘स्त्री’ हा मोठा गाजावाजा न करता आलेला चित्रपट होता. त्याच्या यशानंतर निर्माते दिनेश विजन यांनी अशा चित्रपटांची साखळीच धरली : २०२२ मध्ये अरुणाचलातला ‘भेडिया’, ७ जून २०२४ ला कोकणातला ‘मुंज्या’, त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘स्त्री २’ आणि २०२५ च्या दिवाळीत ‘थामा’. ‘मुंज्या’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आहेत आणि त्यात कुणी मोठा तारा नव्हता, तरी त्याची कमाई शंभर कोटींच्या पुढे गेली. ‘स्त्री २’ने जगभरात आठशे कोटींहून अधिक मिळवले. त्यातला ‘सरकटा’, म्हणजे शिर नसलेले भूत, आधुनिक विचारांच्या मुलींना पळवून नेतो, म्हणजे पहिल्या भागात उलटवलेली भीती दुसऱ्यात पुन्हा सरळ होते. मला हा पहिल्यापेक्षा मोठा आणि कमी चतुर चित्रपट वाटला. भाचीचे मत अर्थातच उलट आहे, आणि ताटे उचलायला आलेल्या पोऱ्याने तिची बाजू घेतली.

मला अधिक रंजक वाटली ती वेगळीच गोष्ट. ‘भेडिया’ सोडला तर या साखळीतल्या भुतांपैकी बहुतेकांना आधीच कुठे ना कुठे घर होते. एकाला कर्नाटकात, एकाला कोकणात आणि उत्तरेकडच्या मराठी अंगणांत. ‘मुंज्या’ येईपर्यंत हिंदी प्रेक्षकाला हा शब्द समजावून सांगावा लागत असे. माझ्या बँकेतल्या नोकरीच्या काळात ‘मुंजा म्हणजे काय’ हे मी सहकाऱ्यांना निदान तीन वेळा सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी आधी मुंज म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागली आहे. आता ते काम उरले नाही.

तिसरा दिवस : मागावर, आणि परत

आत्याचे काम आज होते. चंदेरीचे वस्त्र रेशीम आणि सूत यांचे असते, आणि रेशमाचा नैसर्गिक डिंक पूर्ण धुवून काढत नाहीत म्हणून त्याला ती पारदर्शक चमक येते. २००५ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चंदेरी ग्वाल्हेर संस्थानात होती आणि शिंद्यांनी इथे विणकरांसाठी प्रशिक्षणाची सोय केली होती, त्यामुळे आत्याच्या पिढीला चंदेरी म्हणजे साडी, दुसरे काही नव्हते. ज्या घरात आम्ही गेलो, तिथे खोलीच्या जमिनीतच खड्डा करून माग बसवलेला होता आणि विणकर त्यात पाय सोडून बसला होता. प्रत्येक बुट्टीसाठी ताण्याखालून जरीच्या धाग्याची एक वेगळी, बोटाएवढी गुंडाळी लोंबत होती. तो हत्या, म्हणजे मागाची ठोकायची चौकट, ओढून बाण्याचा धागा ठोकून घेई, मग त्या गुंडाळ्या एकेक उचलून मोजलेल्या धाग्यांखालून काढी, पुन्हा हत्या. दहा मिनिटे आम्ही उभे होतो आणि कापड नखभर पुढे सरकले.

आत्याने पिशवीतून काठ काढून दिला. त्याने तो उलटा करून मागची बाजू पाहिली, अंगठ्याने जरी दाबली आणि असा काठ त्याच्या वडिलांच्या वेळी निघत असे, असे सांगितले. दोन महिने लागतील. आगाऊ रकमेचे बोलणे झाले.

भाचीने त्याला चित्रपटाबद्दल विचारलेच. तो म्हणाला की ‘स्त्री’ आणि त्यानंतर महिनाभरातच आलेला ‘सुई धागा’, दोन्हींचे चित्रीकरण गावात झाले, तेव्हा आता गिऱ्हाईक दोन प्रकारचे येते : एक साडी बघायला येऊन चित्रपटाचे विचारते आणि दुसरे चित्रपटाचे विचारायला येऊन साडी बघते. दुसऱ्यातले थोडेच घेतात. मला तोवर सुचले नव्हते ते इथे, मागाशेजारी उभे राहिल्यावर सुचले : कापड विणणाऱ्या गावातले भूत माणूस नेते आणि कपडे मागे ठेवते, आणि त्याच्याशी गाठ पडते ती एका शिंप्याची. गोष्ट बाहेरून आली खरी, पण इथे आल्यावर तिने गावचा धंदा शिकून घेतला.

परतीच्या वाटेवर गावाबाहेर पडताना एका किराणा दुकानापाशी पाणी घ्यायला थांबलो. गल्ल्यामागच्या फळीवर जुन्या, जाड अक्षरांत ‘आज नकद, कल उधार’ लिहिलेले होते, आणि त्याच्याखाली, बारीक आणि नव्या अक्षरांत, ‘ओ स्त्री कल आना’. दुकानदाराला आम्ही हसतोय याचे कारण आधी कळेना. ग्वाल्हेरच्या आमच्या किराणेवाल्याकडे ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी मी लहानपणापासून वाचत आलो आहे आणि दुसऱ्या दिवशी उधारी मागायला गेलो तरी ती पाटी तीच असते, हे आठव्या वर्षी माझ्या लक्षात आले होते. बंगळुरूच्या चेटकिणीला ज्या युक्तीने परत पाठवले जात असे, ती प्रत्येक बाजारपेठेच्या दुकानात आधीपासून टांगलेली होती. म्हणूनच ती गोष्ट कुठेही नेली तरी कुणाला परकी वाटली नसावी.

शिवपुरीला या वेळी थांबलो नाही. ग्वाल्हेर गाठेपर्यंत नऊ वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने गेरू शोधून काढला. पिंपळामागची पुसट ओळ तिला पुन्हा ठसठशीत करायची होती, आणि तिच्याखाली मराठीत ‘मुंज्या, उद्या ये’ अशी आणखी एक लिहायची होती. मी म्हटले, याला तर वाचता येणारच, मुंज झालेला आहे. आत्या तुळशीला पाणी घालत होती. तिने तांब्या खाली ठेवला, नातीच्या हातातला गेरू काढून घेतला आणि म्हणाली, “स्त्रीचे लिही हवे तर. त्याला कशाला उद्या ये म्हणायचे? तो कुठे बाहेरून यायचाय?” मग पाराजवळच्या पणतीत तेल आहे का, ते तिने मला पाहायला सांगितले.